वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार हाफकिन (जन्म : १५ मार्च १८६०, ओडेसा, मृत्यू : २६ ऑक्टोबर १९३०, लोझान, स्वित्झर्लंड) हे जंतुशास्त्रज्ञ होते. पटकी आणि प्लेग या दोन साथीच्या रोगांवर त्यांनी प्रतिबंधक लसी तयार केल्या व भारतात त्यांचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. प्लेगची लस त्यांनी १८९६-९७ मध्ये मुंबईत, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा प्रयोगशाळेत सिद्ध केली. मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. रोगजंतू शरीराबाहेर, चंबूत, शुद्ध स्वरूपात वाढवण्याच्या कलेवर त्यांचे सारे कार्य उभे होते. पुढे जो आरोप त्यांच्यावर आला, तोही याच शुद्धतेविषयीचा होता.

बालपण आणि शिक्षण

हाफकिन यांचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदराच्या शहरी एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर आज युक्रेनमध्ये आहे. त्यांचे रशियन नाव व्लादिमीर आरोनोविच हावकिन असे होते. शालेय शिक्षण बेर्द्यान्स्क येथे पूर्ण करून १८७९ मध्ये त्यांनी ओडेसाच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे प्राणिशास्त्राचे विख्यात अध्यापक इल्या मेचनिकॉफ त्यांना गुरू म्हणून लाभले. शरीरातील पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून टाकतात हा शोध लावणारे आणि त्यासाठी १९०८ मध्ये नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले मेचनिकॉफ ते हेच.

विद्यार्थिदशेतच हाफकिन यांचा झारविरोधी क्रांतिकारकांशी संबंध आला. ज्यू वस्त्यांवर हल्ले होऊ लागले तेव्हा ते स्वसंरक्षण दलात सामील झाले. या प्रकरणी त्यांना अटक झाली. मेचनिकॉफ यांच्या रदबदलीमुळे त्यांची सुटका झाली. पदवी मिळाल्यावरही विद्यापीठात अध्यापकाचे पद मिळण्यासाठी ख्रिस्ती धर्म स्वीकारणे भाग होते. हाफकिन यांनी धर्मांतर नाकारले. ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात काही वर्षे काम करून १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. प्रथम ते जिनिव्हा येथे शरीरक्रियाविज्ञानाचे सहायक झाले. पुढील वर्षी ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले. त्यावेळी तेथे फक्त सहायक ग्रंथपालाची जागा रिकामी होती. ती त्यांनी आनंदाने पत्करली. दिवसा ग्रंथालय आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळा असा त्यांचा क्रम सुरू झाला.

जंतुसंवर्धनाची पार्श्वभूमी

हाफकिन यांचे कार्य समजण्यासाठी त्या काळच्या जंतुसंवर्धनाची थोडी ओळख आवश्यक आहे. सूक्ष्मजंतू एकाचे दोन, दोनाचे चार अशा विभाजनाने वाढतात. पोषक द्रव्य, योग्य तापमान, ओलावा आणि जातीनुसार हवेचे असणे किंवा नसणे एवढ्या गोष्टी जुळून आल्या की एका रात्रीत त्यांची संख्या अफाट होते. पोषण संपले, किंवा त्यांनीच सोडलेली द्रव्ये साचली, की वाढ मंदावते आणि जंतू मरू लागतात. दुधाला विरजण लावणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हा व्यवहार अनुभवाने ठाऊक असतो. थंडीत विरजण उबेला ठेवावे लागते आणि भांडे अस्वच्छ असले तर दही बिघडते.

प्रयोगशाळेतील खरी अडचण हवा तोच जंतू वाढवणे आणि नको असलेला दूर ठेवणे ही असते. लुई पाश्चर मांसाच्या किंवा यीस्टच्या उकळलेल्या काढ्यात जंतू वाढवीत असत. जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी घन माध्यमाचा उपयोग रूढ केला. समुद्री शैवालापासून मिळणाऱ्या अगार या पदार्थाने काढा गोठवला, की त्यावर पसरलेला प्रत्येक जंतू जागच्या जागी वाढून एक स्वतंत्र ठिपका तयार होतो. तो ठिपका उचलून नव्या माध्यमात सोडला, की एकाच जातीचे शुद्ध संवर्धन हाती येते. याच पद्धतीने कॉख यांनी १८८३-८४ मध्ये इजिप्त व कलकत्ता येथे पटकीच्या जंतूचा शोध घेतला.

पटकीची लस

पाश्चर यांनी कोंबड्यांच्या पटकीवर आणि गुरांच्या काळपुळीवर दुर्बल केलेल्या जंतूंच्या लसी काढल्या होत्या. माणसाच्या पटकीवर तशी लस करण्याचे काम हाफकिन यांनी हाती घेतले. स्पेनमध्ये हाइमे फेरान यांनी १८८५ मध्ये असा प्रयत्न केला होता; परंतु त्यांच्या लसीतील जंतूंचे बळ निश्चित नसे. लसीची मात्रा ठरवायची तर जंतूंचे बळ कायम राखणे अवश्य होते. हाफकिन यांनी गिनीपिगच्या उदरपोकळीतून पटकीचे जंतू एकापाठोपाठ एक अशा अनेक प्राण्यांत नेले आणि त्यांची मारकशक्ती वाढवून स्थिर केली. दुसऱ्या बाजूला ३९ अंश सेल्सियस तापमानात, सतत हवा खेळवीत वाढवून त्यांनी दुर्बल जंतूंचे संवर्धन मिळवले. आधी दुर्बल आणि काही दिवसांनी प्रबळ जंतू टोचले असता प्राण्यांचे पटकीपासून रक्षण होते, असे त्यांना आढळले.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचल्या जागी दुखले, परंतु अन्य अपाय झाला नाही. त्यानंतर त्यांच्या काही मित्रांनीही लस घेतली.

भारतात आगमन

लसीची खरी परीक्षा जेथे पटकी नित्य असते अशा देशातच होऊ शकत होती. भारताचे माजी व्हाइसरॉय आणि त्यावेळी पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत असलेले लॉर्ड डफरिन यांच्या प्रयत्नांमुळे हाफकिन यांना भारतात काम करण्याची परवानगी मिळाली. मार्च १८९३ मध्ये ते कलकत्त्यास पोहोचले. पुढील सुमारे अडीच वर्षांत त्यांनी उत्तर भारत, बंगाल आणि आसाम या भागांत सुमारे ४२ हजार लोकांना लस टोचली. लस घेणे पूर्णपणे ऐच्छिक होते. लोकांचा विश्वास बसावा म्हणून ते सर्वांसमक्ष स्वतःला टोचून घेत. या कामात त्यांना भारतीय डॉक्टरांचे मोठे साहाय्य झाले. कलकत्त्याच्या एका गरीब वस्तीत १८९४ मध्ये सुमारे निम्म्या रहिवाशांनी लस घेतली. नंतर तेथे पटकीने जे दगावले ते लस न घेतलेल्यांपैकी होते. एकाच घरात, एकच पाणी पिणाऱ्यांत लस घेतलेल्यांची आणि न घेतलेल्यांची तुलना करण्याची ही पद्धत हाफकिन यांच्या साऱ्या कामाचे वैशिष्ट्य ठरली.

मलेरियाने प्रकृती ढासळल्यामुळे १८९५ मध्ये त्यांना इंग्लंडला जावे लागले. पुढील वर्षाच्या आरंभी ते परतले.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी आढळू लागले. डॉ. अकॅसिओ व्हिएगस यांनी तो प्लेग असल्याचे निदान केले. थोड्याच आठवड्यांत शहरात भीतीचे साम्राज्य पसरले आणि लाखो लोक गावी निघून गेले. पुढील वर्षी साथ पुण्यात वाढली. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांचा १० मार्च १८९७ रोजी मृत्यू झाला. घरझडत्या आणि सक्तीच्या स्थलांतराने संतप्त झालेल्या पुण्यात त्याच वर्षी जूनमध्ये चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली. सरकारचे उपाय आणि लोकांचा रोष यांच्या या वातावरणातच प्लेगवर लस शोधण्याचे काम चालले होते.

ऑक्टोबर १८९६ च्या आरंभी हाफकिन कलकत्त्याहून मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि लगतचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई एवढाच परिवार होता. प्लेगच्या जंतूचा शोध आलेक्सांद्र येरसँ यांनी दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे लावला होता. येरसँ हे पाश्चर संस्थेतील हाफकिन यांचे पूर्वसहकारी.

चंबूतील संवर्धन

या वेळी हाफकिन यांनी वेगळा मार्ग निवडला. पटकीची लस जिवंत जंतूंची होती. प्लेगचे जंतू मात्र त्यांनी आधी भरपूर वाढवून, मग उष्णतेने मारून वापरायचे ठरवले. मृत जंतूंची लस बाटलीत भरून दूर पाठवता येते आणि तिच्यापासून रोग होण्याचे भय राहत नाही. जंतूंची शरीरे आणि त्यांनी द्रवात सोडलेली विषे ही दोन्ही लसीत असावीत, असा त्यांचा विचार होता. म्हणून द्रव माध्यमात विपुल वाढ मिळवणे हे पहिले काम झाले.

साध्या काढ्यात प्लेगचे जंतू तळाशी विरळ वाढत. हाफकिन यांनी काढ्याच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले आणि चंबू पूर्णपणे स्थिर ठेवले. तेव्हा तुपाच्या थेंबांना खालच्या बाजूने जंतू चिकटून वाढू लागले आणि त्यांचे बारीक पांढरट धागे काढ्यात खाली लोंबू लागले. चुनखडीच्या गुहांत छतापासून खाली वाढणारे लवणस्तंभ ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या देखाव्याची कल्पना येईल. चंबूला किंचित धक्का लागला तरी हे धागे तुटून तळाशी बसत. काही दिवसांच्या अंतराने चंबू मुद्दाम हलवला, की जुने पीक खाली जाई आणि थेंबांखाली नवे उगवे. अशी अनेक पिके घेत सुमारे सहा आठवड्यांत काढा जंतूंनी गढूळ होई. प्लेगचा जंतू माणसाच्या शरीराच्या उष्णतेपेक्षा काहीशा कमी, २५ ते ३० अंशांच्या तापमानात चांगला वाढतो. मुंबईची हवा त्यास अनुकूल होती.

या लोंबत्या वाढीचा दुसराही मोठा उपयोग झाला. तुपाखाली अशी वाढ हे प्लेगच्या जंतूचे ओळखचिन्ह ठरले. चंबूत परका जंतू शिरला तर वाढीचे रूप बदले, काढा वेगळ्या तऱ्हेने गढूळ होई आणि तो चंबू बाद करता येई. त्याशिवाय चंबूतील थेंब अगारवर पसरून शुद्धतेची खात्री केली जाई. मग ६५ ते ७० अंश तापमानात सुमारे तासभर तापवून जंतू मारले जात आणि द्रव टिकावा म्हणून त्यात अर्धा टक्का कार्बोलिक आम्ल घातले जाई. काढ्यासाठी पुढे बकऱ्याचे मांस वापरण्यात आले. गोमांस व डुकराचे मांस टाळल्यामुळे हिंदू आणि मुसलमान दोघांच्याही भावना जपल्या गेल्या.

स्वतःवरील प्रयोग व भायखळ्याचा तुरुंग

अवघ्या तीन महिन्यांत लस सिद्ध झाली. सशांवर तिचा गुण आल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती स्वतःला टोचून घेतली. पुढे सर्वसामान्यांसाठी ठरलेल्या मात्रेपेक्षा ही मात्रा बरीच मोठी होती. तीव्र ताप आणि वेदना सोसूनही त्यांनी काम थांबवले नाही.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी स्वेच्छेने लस घेतली. सर्वांचे अन्न, पाणी आणि कोठड्या सारख्याच होत्या. टोचण्यापूर्वीच ज्यांना लागण झालेली होती असे थोडे रोगी सोडले, तर लस घेतलेल्यांमध्ये रोगाचे प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा बरेच कमी राहिले.

बडोद्याजवळील उंढेरा या गावी फेब्रुवारी १८९८ मध्ये अधिक काटेकोर प्रयोग झाला. प्रत्येक कुटुंबातील जवळपास निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. लस घेतलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले आणि ३ दगावले. न घेतलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडून त्यांतील २६ मरण पावले. लस पूर्ण अभेद्य नाही, लागण होऊ शकते, परंतु धोका पुष्कळच कमी होतो, हा निष्कर्ष त्यातून निघाला.

परळची प्रयोगशाळा

मागणी वाढत गेली तशी जागा अपुरी पडू लागली. प्रयोगशाळा ग्रँट मेडिकल कॉलेजातून प्रथम मलबार हिल येथे आणि तेथून आगाखान यांनी दिलेल्या खुश्रू लॉज या वास्तूत गेली. आगाखान यांनी स्वतः लस घेऊन आपल्या खोजा अनुयायांना ती घेण्यास प्रवृत्त केले होते. अखेर परळ येथील गव्हर्नरांचे जुने निवासस्थान प्रयोगशाळेस मिळाले. १० ऑगस्ट १८९९ रोजी गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते तेथील प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले आणि हाफकिन तिचे प्रमुख झाले.

मुल्कोवालची दुर्घटना

१९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची मोहीम आखली. एवढी लस जुन्या पद्धतीने वेळेत तयार होणे कठीण होते. उत्पादन लवकर व्हावे म्हणून हाफकिन यांनी पद्धतीत बदल केला. त्यात कार्बोलिक आम्ल वगळण्यात आले आणि निर्जंतुकीकरणाचा सारा भार उष्णतेवर ठेवला गेला.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल या गावी १०७ लोकांना लस टोचण्यात आली. त्या दिवशी पाच बाटल्या उघडल्या गेल्या. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेल्या १९ जणांना काही दिवसांनी धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले. उरलेल्या चार बाटल्यांतील लस घेतलेल्या कोणालाही धनुर्वात झाला नाही. त्या एका बाटलीत धनुर्वाताचे जंतू होते हे उघड झाले. ते तिच्यात केव्हा शिरले हा प्रश्न उरला. परळला बाटली भरताना, की मुल्कोवालला ती उघडताना?

मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने दोष प्रयोगशाळेकडे दिला. जंतू बाटली उघडण्यापूर्वीच तिच्यात असावेत आणि कार्बोलिक आम्ल वगळणे ही चूक होती, असे आयोगाचे मत झाले. हाफकिन यांना प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. १९०४ मध्ये ते लंडनला गेले. एकोणीस घरांतील मृत्यूंचा ठपका घेऊन, परंतु आपली बाजू पूर्णपणे मांडण्याची संधी न मिळता, त्यांना पुढील काही वर्षे काढावी लागली.

निर्दोषत्व

चौकशीची कागदपत्रे प्रसिद्ध झाल्यावर इंग्लंडमधील जंतुशास्त्रज्ञांनी ती तपासली. त्यात असे नोंदलेले होते, की त्या दिवशी बाटली उघडणाऱ्या सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो पुरेसा निर्जंतुक न करताच बुचासाठी वापरला गेला होता. धनुर्वाताच्या जंतूंची बीजे मातीत सर्वत्र असतात. त्यामुळे या घटनेला मोठे महत्त्व होते.

दुसरा पुरावा खुद्द जंतूंच्या वाढीनेच दिला. बाटली भरून ४१ दिवस झाले होते. हे जंतू परळलाच शिरले असते, तर एवढ्या काळात त्या हवाबंद पोषक द्रवात ते भरपूर वाढले असते आणि बाटलीस उग्र दुर्गंधी आली असती. बाटली उघडल्यावर डॉक्टरांनी ती हुंगून पाहिली होती. तिला काहीही वास नव्हता. शिवाय इतके विष साचलेले असते, तर लक्षणे फार लवकर दिसली असती. प्रत्यक्षात ती काही दिवसांनी दिसली. म्हणजे जंतू ताजे आणि थोडे होते, असे अनुमान निघाले.

मलेरियाच्या प्रसाराचे कोडे उलगडून १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळवणारे रोनाल्ड रॉस यांनी हाफकिन यांची बाजू जोरकसपणे मांडली. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्स दैनिकात रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. प्रश्न ब्रिटिश संसदेतही निघाला. त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन दोषमुक्त ठरले आणि त्यांना पुन्हा भारतात नेमणूक देण्यात आली. काही लेखकांनी या प्रकरणाची तुलना फ्रान्समधील ज्यू सेनाधिकारी ड्रायफस यांच्या खटल्याशी केली आहे.

अखेरची वर्षे

परळच्या प्रयोगशाळेवर तोवर दुसऱ्या प्रमुखाची नेमणूक झालेली होती. हाफकिन कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. माणसांवर लसीचे नवे प्रयोग करण्यास मात्र त्यांना परवानगी मिळाली नाही. आयुष्याची उमेदीची वर्षे ज्या कामात गेली, तेच काम पुढे नेण्यापासून दोषमुक्त झाल्यावरही ते वंचित राहिले. वयाची पंचावन्न वर्षे पूर्ण होण्याच्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपला परतले.

त्यांनी विवाह केला नाही. उत्तरायुष्यात ते ज्यू धर्माच्या आचरणाकडे अधिकाधिक वळले आणि पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षणासाठी त्यांनी आपली संपत्ती दिली. काही वर्षे पॅरिसजवळ राहून १९२८ मध्ये ते लोझानला स्थायिक झाले. तेथेच ७० वर्षांचे असताना त्यांचे निधन झाले.

वारसा

परळच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे नाव १९०६ मध्ये मुंबई जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा असे झाले. १९२५ मध्ये, हाफकिन हयात असतानाच, तिला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. तोवर तेथून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या होत्या. १९३२ मध्ये साहिबसिंग सोखी हे संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. पुढे लसनिर्मितीचे काम हाफकिन जीव औषध निर्माण महामंडळाकडे गेले आणि तेथे तयार झालेली तोंडावाटे देण्याची पोलिओची लस देशभर वापरली गेली. भारतीय टपाल खात्याने १९६४ मध्ये हाफकिन यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

प्लेगवर आज प्रतिजैविके उपलब्ध आहेत आणि हाफकिन यांची मूळ लस मागे पडली आहे. बाटलीबंद लसीच्या प्रत्येक खेपेची शुद्धता तपासणे, उघडताना निर्जंतुकता पाळणे आणि त्याची नोंद ठेवणे हे आज जगभर बंधनकारक आहे. त्या दक्षतेची किंमत मुल्कोवालच्या एकोणीस कुटुंबांनी आणि वेगळ्या अर्थाने हाफकिन यांनीही मोजली होती.